वळचणीच्या पाण्याचा बंदोबस्त

मराठवाडा आणि खानदेश यांच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पडणाऱ्या पावसाचे दोन भाग होतात. दक्षिणेकडील पाणी पूर्णेच्या वाटेने गोदावरीकडे जाते आणि उत्तरेकडील पाणी वाघूरसारख्या नद्यांच्या वाटेने तापीला मिळते, आणि या दृष्टीने पाहिले तर ही सारी रांग म्हणजे दोन पाख्यांच्या एखाद्या प्रचंड घराचे आढेच आहे असे म्हणावे लागते. त्याचे दक्षिणेकडील पाखे पसरट आणि सौम्य उताराचे आहे, उत्तरेकडील मात्र एकदम तुटलेले आहे. आणि या उभ्या पाख्याच्या नेमक्या वळचणीस सोयगाव तालुका वसलेला आहे. छत्रपती संभाजीनगर हे जिल्ह्याचे ठाणे वर पठारावर. तेथून सिल्लोड तालुका ओलांडून हळद्याचा घाट उतरून खाली आले, म्हणजे वेताळवाडीच्या किल्ल्याखालून सोयगावास येता येते आणि तेथपासून पुढची जमीन, पिके, बोली आणि घरे खानदेशाच्या वळणाची दिसू लागतात. वरच्या पठारावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की त्याचे पाणी या पायथ्याच्या मुलखावर किती वेगाने येते, हे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी साऱ्यांनी पाहिले. त्या दिवशी पश्चिमेकडील कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि पायथ्याच्या चाळीसगाव परिसरात पुराने हाहाकार उडविला.

अशा पुराची नोंद दफ्तरात होते, पंचनामे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. परंतु याच मुलखातील घरांचे जे नुकसान दरसाल, निमूटपणे, कोणत्याही पंचनाम्याशिवाय होत असते, ते डोंगरावरून आलेल्या पाण्याने होत नसून घराच्या स्वतःच्या छपरावरून उतरून भिंतीच्या पायथ्याशी मुरणाऱ्या पाण्याने होत असते, आणि या लेखाचा विषय तेच पाणी आहे.

त्याचे मान प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे, म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांचे छप्पर घेतले आणि त्यावर एका तासात ५० मिलिमीटरची सर आली, तर त्या तासाभरात ५,००० लिटर, म्हणजे पाच टन वजनाचे पाणी त्या छपरावरून खाली येते. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ही रक्कम ७०,००० लिटरांवर जाते. छप्पर दोन पाख्यांचे असेल तर प्रत्येक वळचणीच्या वाट्याला यांपैकी निम्मे, म्हणजे दहा मीटर लांबीच्या भिंतीलगत ३५,००० लिटर पाणी पडते. म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या मीटरभर रुंदीच्या पट्टीवर, तिच्या स्वतःच्या ७०० मिलिमीटर पावसाखेरीज आणखी ३,५०० मिलिमीटरांची भर पडते. जो प्रदेश अवर्षणाच्या छायेत गणला जातो, त्यातील घराच्या भिंतीच्या पायथ्याशी अशा रीतीने रत्नागिरीहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांतील मोजक्या सरींमध्ये. मग ज्या पायाला कोकणच्या पावसाची सवय नाही आणि ज्याची बांधणीही त्या बेताने केलेली नाही, तो खचला तर त्यात नवल ते काय?

जुन्या लोकांना ही आकडेमोड अवगत नसली तरी तिचा परिणाम पुरता माहीत होता. या भागातील जुनी घरे धाब्याची; मराठवाड्यात वरच्या अंगाला त्यालाच माळवद म्हणतात. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचण आणि या सर्वांवर चोपून बसविलेल्या पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. वरून सपाट दिसणाऱ्या या धाब्याला वस्तुतः बेताचा ढाळ दिलेला असे, आणि सारे पाणी एका-दोन ठिकाणी आणून तेथे बसविलेल्या लाकडी, दगडी वा पत्र्याच्या पन्हळातून ते बाहेर सोडीत. हे पन्हळ भिंतीच्या बाहेर हात-दोन हात पुढे आलेले असे आणि त्याच्या खाली, धार जेथे पडे तेथे, एक सपाट दगड बसविलेला असे, जेणेकरून धारेने जमीन उकरली जाऊ नये आणि उडालेला चिखल भिंतीवर येऊ नये. त्या दगडापासून अंगणातून एक उथळ चर गल्लीपर्यंत गेलेला असे. मृग लागण्यापूर्वी धाब्यावर उगवलेले गवत उपटावयाचे, भेगा बुजवावयाच्या, नवी माती पसरून धुम्मसाने चोपावयाची, पन्हळाचे तोंड मोकळे करावयाचे आणि अंगणातला चर पुन्हा ओढावयाचा, ही कामे घरोघर ठरलेली असत. मातीच्या भिंतीचे घर शंभर-शंभर वर्षे टिकले याचे श्रेय आपण सागवानाला आणि भिंतीच्या जाडीला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या वार्षिक पाणी-बंदोबस्ताचा आहे, कारण पन्हळ मोडल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जाड भिंती पायथ्याशी झिजून कोसळलेल्या आजही गावोगाव दिसतात.

या बंदोबस्ताच्या जोडीला आणखी एक दूरदृष्टी होती, आणि ती जागेच्या निवडीची होती. गावाच्या जमिनीचे पांढरी आणि काळी असे दोन भाग परंपरेने मानलेले आहेत. पांढरी ही वस्तीची, काळी ही पिकाची. पांढरीची माती शतकानुशतकांच्या वस्तीची, राखेची, पडक्या भिंतींची. ती पावसाने फारशी फुगत नाही आणि उन्हाने फारशी आकसत नाही. धाब्यावर घालण्यासाठीही तीच वापरीत, ती याच गुणामुळे. गावे वाढली, गावठाणात जागा उरली नाही, शेते बिनशेती होऊन त्यांचे भूखंड पडले आणि ज्या मातीत आजवर कापूस आणि ज्वारी उभी राहत होती, त्या मातीवर घरे उभी राहू लागली. या घरांच्या अडचणी पांढरीतल्या घरांहून मुळातच भिन्न आहेत, ही गोष्ट अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा अंश मोठा असतो. या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की त्यांत हातातली काठी सहज खोल जाते. भूपृष्ठापासून सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत ही हालचाल चालते, त्या खाली ओल बहुधा कायम राहत असल्याने माती स्थिर असते. फुगणाऱ्या मातीचा वरच्या दिशेचा दाब हा एकमजली घराच्या वजनाहून अधिक असू शकतो. म्हणूनच दुमजली, तिमजली जड इमारतींपेक्षा साधी, हलकी घरे या मातीत अधिक तडकतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सगळे घर सारख्या प्रमाणात वर उचलले गेले किंवा सारख्या प्रमाणात खाली बसले, तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते या विषमतेमुळे की घराच्या मधल्या भागाखालील माती छपराच्या आश्रयाने कोरडी राहते आणि कडेची माती मात्र वळचणीच्या पाण्याने तुडुंब भिजते. पावसाळ्यात कडा उचलल्या जातात, उन्हाळ्यात त्याच कडा आकसून कोपरे खचतात, आणि अशा वर्षानुवर्षांच्या उठाठेवीत भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरपी तड जाते, जी बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून निघते. श्रावणात दार चौकटीत अडकते आणि चैत्रात आपोआप मोकळे होते, हे त्याचे पहिले लक्षण होय. लाकूड ओलीने फुगले असे समजून लोक सुताराला बोलावितात, आणि दार तासून घेतले की मूळ दुखणे आणखी दोन-चार वर्षे दृष्टीआड राहते. गवंड्याकडून तड सिमेंटने भरून घेतली तरी पुढच्या वर्षी ती त्याच जागी उघडते.

मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतींना याखेरीज दुसराही त्रास असतो. पागोळ्यांच्या थेंबांनी उडालेला चिखल भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांवर सतत बसतो, पायातील ओल केशाकर्षणाने वर चढते, तिच्याबरोबर क्षार येतात आणि भिंतीला लोणा लागून तिचे पापुद्रे सुटू लागतात. जोते उंच असले तर ही ओल भिंतीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. पण गावातला रस्ता प्रत्येक वेळी जुन्यावर नवा थर टाकून केला जातो आणि तो दर खेपेस काही इंचांनी वर येतो, तेव्हा एके काळी तीन पायऱ्या चढून जावे लागत असे ते घर रस्त्याच्या बरोबरीस आणि पुढे रस्त्याच्याही खाली येते. मग अंगणातले पाणी बाहेर जाण्याऐवजी गल्लीतले पाणी अंगणात येते. रस्ता करताना आधी जुना थर खरडून काढावा, ही मागणी नागरिकांनी आग्रहाने केली पाहिजे, असे मला वाटते.

पत्र्याची आणि स्लॅबची घरे आली तेव्हा छपरावरची माती गेली, पण पाण्याचा प्रश्न गेला नाही. पत्र्यावर पडलेला थेंब क्षणभरही न थांबता वळचणीस येतो, आणि पत्र्याला पन्हळ लावण्याचा खर्च बहुतेक वेळा वाचविला जातो. स्लॅबचे पाणी नळातून खाली आणतात खरे, परंतु तो नळ जोत्याच्या डोक्याशी आणून तेथेच तोडतात, आणि त्यामुळे जे पाणी पूर्वी दहा मीटर लांबीत विभागून पडत होते, ते आता घराच्या सगळ्यांत नाजूक जागी, म्हणजे कोपऱ्याच्या पायात, एकवटून ओतले जाते. घरासाठी लाखो रुपये खर्चणाऱ्या माणसाने शेवटच्या तीन मीटर नळासाठी हात आखडता घ्यावा, हे दृश्य इतक्या घरांत दिसते की तेच आता रीतीचे समजले जाते.

पाणी वळविण्याचा एक मोठा धडा याच सोयगाव तालुक्यात, लेणापूरच्या शिवारात, अजिंठ्याच्या लेण्यांत पाहावयास मिळतो. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर उभ्या कड्यात कोरलेल्या या लेण्यांच्या चित्रांखालचा गिलावा हा माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा आहे; म्हणजे आपल्या धाब्याच्या घराच्या भिंतीला जी माती आणि जो भुसा लागत असे, त्याच जातीच्या द्रव्यांवर ती जगद्विख्यात चित्रे उभी आहेत. बेसाल्टच्या सांध्यांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपलेले पावसाळी पाणी या गिलाव्याच्या पाठीशी पोहोचले की गिलावा खडकापासून सुटतो. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून सुटलेला गिलावा पुन्हा बसविण्याचे काम करवून घेतले, आणि कड्याच्या माथ्यावर चर खोदून लेण्यांच्या दिशेने येणारे पाणी बाजूस वळविण्याची कामेही पुरातत्त्व खात्याने केली. चिकटविलेला गिलावा टिकावयाचा तर त्यामागील पाणी आधी थांबले पाहिजे. आणि भिंतीतली तड भरण्यापूर्वी आपल्यालाही हेच करावयाचे आहे.

गळतीवरचा उपाय चुकीच्या जागी केला तर तो किती घातक ठरतो, याचे अत्यंत दुःखद उदाहरण मराठवाड्यातच घडलेले आहे. माळवद गळू लागले की ढाळ आणि पन्हळ दुरुस्त करण्याऐवजी त्यावर आणखी माती घालावयाची, असे वर्षानुवर्षे केल्याने लातूर-धाराशिव भागातील कित्येक माळवदांवर दीड-दोन फूट जाडीचे मातीचे थर साठले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या तेव्हा तो सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. हजारो जीव गेले. त्यासाठी माळवदाला दोष देऊन भागणार नाही. पाण्याला वाट देण्याऐवजी त्याच्यावर वजन घालीत राहण्याच्या सवयीचाही त्यात भाग होता.

छपराचे पाणी आपल्या हद्दीबाहेर काढताना ते शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार नाही, हेही पाहावे लागते. ही तकरार फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या पाण्याचा मार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती पावले दूर असावा आणि त्याला पाणी वाहून जाण्याजोगा उतार असावा, असे सांगून नियम मोडणाऱ्यास ५४ पण दंड सांगितला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही अशा पाण्याच्या वहिवाटीस मान्यता दिली असून, वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे आणि हक्काने चालत आलेली वहिवाट पुढे चालविता येते. परंतु कचेरीपर्यंत जाण्यापेक्षा दोन्ही घरांच्या मधल्या बोळात सामाईक फरसबंद चर करून दोघांनी खर्च वाटून घेणे केव्हाही श्रेयस्कर, कारण बोळात साचलेले पाणी दोन्हीकडील पाया सारखाच पोखरते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते वरपासून खालपर्यंत पाहू. स्लॅबला मीटरमागे किमान एक सेंटीमीटर ढाळ असावा आणि पाणी नळाच्या तोंडाकडे यावे. ताशी १०० मिलिमीटरची जोरदार सर गृहीत धरली तर चार इंची एक नळ सुमारे ४० चौरस मीटर छपराला पुरतो; तेव्हा वर सांगितलेल्या घराला असे तीन नळ लागतात, एकावर भागत नाही. नळाच्या तोंडाला जाळी हवी, कारण कडुनिंबाचा पाला आणि पतंगांचे कागद यांनीच नळ तुंबतात. पत्र्याच्या घराला वळचणीभर पन्हळ लावून त्याचा उतार एका टोकाकडे ठेवावा. छज्ज्याच्या खालच्या अंगास बोटभर खाच ठेवली म्हणजे पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे सरपटत येत नाही, तेथेच गळून पडते.

खाली आल्यावर नळ वळवून पाणी बंद नळातून किंवा फरसबंद चरातून जोत्यापासून निदान तीन मीटर दूर न्यावे. घराभोवतीची जमीन पहिल्या तीन मीटरांत पंधरा सेंटीमीटर खाली उतरलेली असावी. काळ्या मातीत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घराभोवतीचा फरसबंद पट्टा. जोत्यालगतची काळी माती हात-दीड हात खोल काढून टाकून तेथे मुरूम थराथराने ओला करून चोपावा, त्यावर दीड ते दोन मीटर रुंदीचा काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर ढाळ देऊन करावा, आणि पट्टा व भिंत यांच्यामधील सांध्यात डांबर भरावे; सिमेंट भरू नये, कारण पट्टा थोडाफार हलणार आणि सिमेंट तेथे फुटणार. या पट्ट्याचे काम पाणी अडविण्याचे तर आहेच, पण उन्हाळ्यात कडेची माती वाळू न देण्याचेही आहे. ओल वर्षभर सारखी राहिली की मातीची हालचाल मंदावते.

नवे घर बांधणाऱ्यास याहून पक्के उपाय उपलब्ध आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले फुगीर तळाचे खांब साधारण साडेतीन मीटर खोल जाऊन स्थिर मातीत आधार घेतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर चोपून घातला असता खालची फुगवण आटोक्यात राहते, हे दाखवून दिले. तथापि या दोन्ही उपायांनंतरही छपराचे पाणी दूर नेण्याचे काम चुकत नाही.

शोषखड्ड्याविषयी थोडा विस्तार आवश्यक आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे करून सांडपाण्याचा आणि डासांचा प्रश्न सोडविला, तेव्हापासून हा उपाय सर्वत्र पसरला आणि ते योग्यच झाले. परंतु काळी चिकण माती पाणी लवकर शोषीत नाही; तीत केलेला खड्डा तुंबतो आणि भोवतालची माती भिजत ठेवतो. असा खड्डा जोत्याजवळ करणे म्हणजे पायाखाली स्वतःच्या हाताने पाणी मुरविणे होय. खड्डा घरापासून पाच मीटर तरी दूर, उताराच्या बाजूस आणि मुरूम लागेपर्यंत खोल असावा. ज्या गावात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पहिल्या एक-दोन सरी वगळून पुढचे स्वच्छ पाणी टाकीत साठविणे हा सर्वांहून उत्तम मार्ग. मात्र टाकी भरल्यावर वाहणारे जादा पाणी कोठे जाईल, हे आधी ठरवावे.

भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करू नयेत, हे सांगताना वाईट वाटते. पण रोज पाणी घातलेला वाफा पावसाळ्याइतकाच अपाय करतो. उलट मोठे झाड जवळ असेल तर ते माती शोषून कोरडी करते आणि त्या बाजूचा पाया खचतो, म्हणून झाड आणि भिंत यांच्यात झाडाच्या उंचीइतके अंतर राखणे इष्ट.

ज्या घराला आधीच तड गेली आहे, त्याने घाईने ती भरू नये. तडेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे, असे समजून आधी पाणी वळवावे आणि मग भिंतीकडे वळावे. पाणी वळविले आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. मृगापूर्वी एके सकाळी छपरावर चार-सहा घागरी पाणी ओतावे आणि ते कोठून उतरते, कोठे थबकते, कोठे जिरते हे खाली उभे राहून पाहावे. भिंतीपासून तीन मीटरांच्या आत जेथे जेथे ते थांबेल, तेथे तेथे त्याच दिवशी मुरूम टाकून चोपावा आणि पुन्हा पाणी ओतून पाहावे.